तीन मडकी, एक दाणा

पाटातला गाळ उपसायला लागून तिसरा दिवस होता आणि तिच्या उजव्या तळव्यावरचा फोड फुटला होता. जुन्या चादरीची चिंधी फाडून तिने हाताला गुंडाळली, दातांनी गाठ मारली आणि पुन्हा फावडं उचललं. चाळीस पावलांपैकी बावीस झाली होती. उरलेल्या अठरांत गाळ कमी आणि मुळ्या जास्त होत्या.

काठावर तिचा नवरा बसला होता. पत्रा नीट करायला छपरावर चढला आणि खाली आला तो खांद्याचं हाड मोडून. डावा हात गळ्यात बांधलेला, त्यामुळे कामाला फक्त तोंड मोकळं.

"फावडं जरा तिरपं धर," तो म्हणाला.

"तुम्ही हात जरा सरळ करा. मग मी फावडं तिरपं धरते."

पलीकडच्या चाळीस पावलांत काम करणारा गवंडी खाली मान घालून हसला.

त्या पाटावर एकेचाळीस घरांची शेती होती. वर्षातून एकदा पाच दिवस पाणी बंद ठेवायचं आणि प्रत्येक घराने आपली चाळीस पावलं साफ करायची, हा नियम पाटाइतकाच जुना. ज्याने काम पुरं केलं त्याच्या हातावर मक्याचा एक दाणा मिळे. सहाव्या दिवशी त्या दाण्यांनी पाटकरी निवडायचा. पाटाची दारं उघडणारा आणि लावणारा तो पाटकरी. कोणाला पाणी कोणत्या दिवशी आणि किती वेळ, हे वर्षभर त्याच्या हातात.

मोजणी कुंभाराकडे असे, कारण त्याची जमीन पाटावर नव्हती आणि मडकी त्याचीच होती. दुपारी तो कामं पाहायला काठाकाठाने आला, तेव्हा नवऱ्याने विषय काढला.

"दाणा माझ्या हातात मिळेल ना? घर माझ्या नावावर आहे."

कुंभाराने त्याच्या गळ्यातल्या हाताकडे पाहिलं, मग पाटात उभ्या असलेल्या तिच्याकडे. ती गुडघ्यापर्यंत चिखलात होती.

"दाणा फावड्याला मिळतो, नावाला नाही," तो म्हणाला आणि पुढे गेला.

नवरा संध्याकाळपर्यंत गप्प होता. तिला तेवढीच शांतता मिळाली.

त्यांचं शेत पाटाच्या अगदी टोकाला होतं. बारा सरी कोबी लावला होता आणि तो आता गड्डा धरायला आला होता. याच वेळेला एक पाणी चुकलं तर गड्डा भरत नाही, नुसती पानं सुटतात. गेल्या वर्षी तसंच झालं होतं. अर्धा कोबी कापून जनावरांपुढे टाकावा लागला होता. सासूबाई त्या दिवसापासून कोबी हा शब्द उच्चारत नव्हत्या. शेताकडे बोट करून 'ते' म्हणत. आत्ताही पाट बंद होता तेवढे दिवस त्या आणि नात विहिरीच्या तळातलं पाणी बादलीने आणून एकेका रोपाच्या बुडाशी तांब्या तांब्या घालत होत्या. बारा सरींपैकी चारच होत होत्या.

चौथ्या दिवशी सकाळी ती सध्याच्या पाटकऱ्याकडे गेली. गळ्यात कायम शिट्टी घालतो म्हणून त्याला सगळे शिट्टीवाला म्हणत. पाण्याची पाळी बदलली की तो शिट्टी वाजवी. टोकाच्या घरांना ती शिट्टी कधी ऐकू आली नव्हती. त्याचं घर पाटाच्या तोंडाशी, जिथे पाणी सगळ्यात आधी येतं.

तो अंगणात दाढी करून घेत होता. न्हाव्याने एक गाल संपवून दुसऱ्याला साबण लावला होता.

"फावडं बाहेर ठेव," शिट्टीवाला ओठ न हलवता म्हणाला. "अंगण आत्ताच झाडलंय."

ती फावडं फाटकाला टेकवून परत आली. तोवर तिच्या पायांचा चिखल अंगणात उमटला होता. शिट्टीवाल्याने त्याकडे नुसतं पाहिलं. ती वाकली आणि हाताने तो चिखल पुसून घेतला. दुसरा गाल पुरा होईपर्यंत ती मुठीत चिखल धरून उभी राहिली.

"बोल."

"पाट उघडला की पहिलं पाणी खाली सोडता का? कोबी गड्ड्याला आलाय. दोन दिवस वरच्यांनी थांबावं, एवढंच."

"मी पाणी सोडतोच की. वाटेत ते कुठे जातं ते पाण्याला विचार."

न्हावी हसला. वस्तरा हातात असल्याने तो हसताना जरा मागे सरकला, तेवढी काळजी त्याने घेतली.

ती परत कामावर आली तेव्हा गवंडी तिच्या हिश्शातली एक जाड मुळी तोडत होता.

"तुमचं काम सोडून इकडे कुठे?" तिने विचारलं.

"माझं संपलं. वहिनी, काय म्हणाला तो?"

"पाण्याला विचार म्हणाला."

गवंड्याने मुळी ओढून काठावर फेकली. "मी विचारलंय पाण्याला," तो म्हणाला.

खरंच विचारलं होतं. गेल्या वर्षी पाटात पाणी असताना तो एक लाकडी पट्टी घेऊन पाटाच्या एकेका दाराशी फिरला होता. पट्टीवर बोटाबोटाच्या अंतरावर खाचा. वरच्या दारात पट्टी सात खाचा भिजली, मधल्या दारात चार, टोकाला एक. त्यानंतर तो एकच गोष्ट सांगत होता: प्रत्येक दारात खाचा कोरलेला दगड बसवायचा. पाणी किती येतंय ते मग येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल आणि सगळ्यांना चार खाचा मिळतील. याच एका गोष्टीसाठी तो या वर्षी पाटकरी व्हायला उभा होता. शिट्टीवाला उभा होताच. आणि तिसरा होता कंपाउंडर.

कंपाउंडर मधल्या घरांतला. तरुणपणी एका डॉक्टरकडे पुड्या बांधायला होता, तेव्हापासूनचं नाव. त्या दुपारी तो सायकल हाताने ढकलत टोकापर्यंत आला. सगळे पाटाच्या काठावर जेवायला बसले होते.

"मी आलो तर महिन्यात दोन पाळ्या टोकाला नक्की," तो म्हणाला. "एक महिन्याच्या सुरुवातीला, एक शेवटी."

"सकाळ-संध्याकाळ दोन गोळ्या," सासूबाई ताटाकडे बघत म्हणाल्या. "जेवणाआधी की जेवणानंतर?"

कंपाउंडरही हसला. तो वाईट माणूस नव्हता.

"आणि दगडाच्या खाचा?" तिने विचारलं.

"बघू. एकदम एवढं नको. वरची माणसं बिथरतात."

तो गेल्यावर नवरा सरसावून बसला. हिशोब करायला दोन हात लागत नाहीत. त्याने मुलीला वाळल्या चिखलाची ढेकळं गोळा करायला लावली. मुलगी नऊ वर्षांची होती आणि ढेकळांचे सारखे गोळे निवडण्यात तिने बराच वेळ घेतला.

"वर सतरा घरं," नवरा म्हणाला. "ते सगळे शिट्टीवाल्याला देणार. ठेव सतरा. मध्ये तेरा, ते कंपाउंडरला. आणि टोकाला आपण अकरा. आपण गवंड्याला दिले तर कोण येईल?"

मुलीने तिन्ही ढिगांकडे पाहिलं. "शिट्टीवाला."

"आता आपले अकरा उचल आणि कंपाउंडरच्या ढिगात ठेव."

"चोवीस."

"झालं. मग दाणा कोणाला द्यायचा ते उघड आहे." हे तो मुलीला म्हणाला, पण ऐकवलं बायकोला.

मुलगी ढेकळांपाशीच बसून राहिली. मग तिने कंपाउंडरचे तेरा उचलले आणि गवंड्याच्या अकरांत ठेवले. पुन्हा मोजले.

"बाबा, असंही चोवीसच होतात."

"होतात गं. पण ते देणार नाहीत."

"विचारलं?"

नवऱ्याने खांद्याच्या पट्ट्याची गाठ उगीच चाचपली. सासूबाई म्हणाल्या, "एवढी मोठी माणसं, विचारायचं कोणाला सुचलं नाही."

पाचव्या दिवशी तिची चाळीस पावलं पुरी झाली. कुंभाराने तिच्या चिंधी बांधलेल्या तळव्यावर दाणा ठेवला. तो तिने तोंड धुतानाही मुठीतून सोडला नाही. मग ती मधल्या घरांकडे गेली. तिची नणंद तिथे दिलेली होती.

नणंद गोठा झाडत होती. बसायला घोंगडी दिली, पाणी दिलं, भावाच्या खांद्याची चौकशी केली. पाणी पिऊन झाल्यावर वहिनीने दाण्यांचा विषय काढला.

"गवंडी ना?" नणंद म्हणाली. "माणूस सोन्यासारखा. आमच्या भिंतीची चीर बुजवली आणि दोनदा येऊन बघून गेला, पुन्हा फाकली का म्हणून. इथे सगळ्यांना तोच पटतो."

"मग द्या ना त्याला."

"पण तो येतो कुठे निवडून?"

"सगळ्यांना पटतो तर येणार नाही कसा, ताई?"

नणंद झाडू धरून थांबली. विचार करत होती असं दिसलं. "वहिनी, तू असं कर. तुमचे अकरा आधी पक्के कर. मग मी इथे बोलते."

ती टोकाकडे परतली आणि चार घरं फिरली. प्रत्येक घरी तिच्यापुढे चहा आला आणि प्रत्येक घरी एकच उत्तर मिळालं: "मधल्यांचे तेरा आधी पक्के होऊ देत, मग आम्ही आहोतच." चौथ्या घरी तिने चहा नको म्हटलं.

शेताच्या बांधावर गवंडी थापी घासत बसला होता. ती त्याच्यापासून जरा अंतरावर उभी राहिली.

"मी विचारून आले," ती म्हणाली. "सगळे हो म्हणतात. आधी दुसऱ्याने, एवढंच त्यांचं म्हणणं."

"ठाऊक आहे. पडक्या भिंतीला हात लावायलाही कोणी आधी येत नाही."

"मग तुम्ही उभे कशाला राहिलात?"

त्याने थापी उलटी करून धार पाहिली. "माप हवंय असं किती जणांना वाटतं, ते एकदा मोजून दिसावं म्हणून. तोंडाने सगळेच म्हणतात. मडक्यात मोजता येतं." त्याने थापी खाली ठेवली. "तुम्ही कोबीकडे बघा, वहिनी. माझ्याकडे बघू नका."

त्याच्या या बोलण्याने तिचं काम सोपं व्हायला हवं होतं. ते अवघड झालं.

घरी परतताना ती कोबीत शिरली. ज्या आठ सरींना बादलीचं पाणी पोचलं नव्हतं तिथली बाहेरची पानं कडेने पिवळी पडून जमिनीला टेकली होती. तिने एका रोपाचं आतलं पान बोटाने उघडून पाहिलं. आत मुठीएवढा गड्डा होता, घट्ट. अजून वेळ गेली नव्हती.

सहाव्या दिवशी सकाळी पाटाच्या मधल्या दारापाशी तीन मडकी मांडली होती. त्यांच्यापुढे गोणपाटाचा पडदा. मडक्यांच्या तळाशी वाळू, म्हणजे दाणा पडल्याचा आवाज येऊ नये. प्रत्येकाने तिन्ही मडक्यांत हात घालायचा आणि दाणा एकातच सोडायचा. त्यामुळे कोपर बघणाऱ्यालाही काही कळत नसे. पहिलं मडकं शिट्टीवाल्याचं, दुसरं कंपाउंडरचं, तिसरं गवंड्याचं.

रांगेत तिच्यापुढे नणंदेचा नवरा होता. त्याने मागे वळून तिला डोळ्याने विचारलं. तिनेही डोळ्यानेच त्याला विचारलं. दोघांनी खाली पाहिलं.

पडद्यामागे तिने पहिल्या मडक्यात हात घातला आणि काढला. दुसऱ्यात घातला. चिंधी ओली होती, दाणा तिला चिकटून बसला होता. बोटं उघडली तरी पडेना. तोवर ती मनातल्या मनात मोजत होती, सतरा, तेरा, अकरा. अंगठ्याने तिने तो सोडवला आणि वाळूत दाबला.

मग तिसऱ्या मडक्यात हात घालायचाच होता, नियम होता. रिकामा हात तिने आत घातला. वाळू गार होती. बोटांना एक दाणा लागला, मग शेजारी अजून एक. ते तिचे नव्हते. तिने हात काढून घेतला.

कुंभाराने दुपारी गोणपाट जमिनीवर अंथरलं, एकेक मडकं चाळणीत ओतलं आणि दाणे दहा-दहाच्या ओळीत लावले. शिट्टीवाला सतरा. कंपाउंडर वीस. गवंडी चार.

शिट्टीवाल्याने गळ्यातली शिट्टी काढून कुंभाराच्या हातात दिली आणि ती लाळेने ओली होती म्हणून कुंभाराने ती धोतराला पुसली. लोक कंपाउंडरभोवती जमले. मग एकेक जण जरा बाजूला उभ्या असलेल्या गवंड्याकडे गेला, त्याच्या दंडाला हात लावून हळूच काही बोलला आणि परत आला. नणंदेचा नवरा गेला. टोकाच्या चारही घरांतले गेले, ज्यांनी चहा पुढे केला होता ते. गवंडी प्रत्येकाला मान हलवत होता.

ती सगळे पांगेपर्यंत थांबली.

"किती जण आले सांगायला?" तिने विचारलं.

"चौदा." गवंड्याच्या तोंडावर हसू होतं, पण ते थकलेलं होतं. "चौदा जणांनी मला दाणा दिलाय, वहिनी. कुंभाराच्या चाळणीची भोकं मोठी असणार."

तिने हाताची चिंधी सोडायला घेतली. गाठ सुटत नव्हती. "मी पंधरावी नाही," ती म्हणाली. "मी तुम्हाला दिला नाही. कंपाउंडरला दिला. तोंडावर सांगावं म्हणून थांबले."

गवंड्याने आपल्या शेताच्या दिशेला पाहिलं. मग म्हणाला, "माझ्या वाटाण्याला फुलं आलीत."

तिला आधी कळलं नाही. मग कळलं.

"म्हणजे तुम्हीही?"

"मीही. दुसऱ्या मडक्यात." त्याने तिच्या हातातली गाठ घेतली आणि थापीच्या टोकाने सोडवून दिली. "माप हवं असलेल्यांत मीच एक कमी पडलो. आता कोणाला सांगू नका."

"मग ते चार कोण?"

"तेच मला कळत नाहीये."

मागून सायकलची घंटी वाजली. कंपाउंडर शिट्टी गळ्यात घालून आला होता. ती अजून त्याच्या गळ्याला बसली नव्हती, तो सारखा दोरी सरकवत होता. तिला पाहून जरा थबकला, पण बोलला.

"गवंडी, ते चार दाणे कोणाचे?"

"चार आहेत एवढंच मला माहीत."

"मी तीनच दाण्यांनी आलोय."

"हो."

"पुढच्या वर्षी त्या चारात अजून चार मिसळले तर मी कुठे असेन?"

"ते तुम्ही मोजा. पाटकरी तुम्ही."

कंपाउंडरने पाटाकडे पाहिलं. कोरडा पाट साफ होऊन सरळ दिसत होता, अगदी टोकापर्यंत. त्याने दोरी पुन्हा सरकवली.

"दगड किती लागतील?" त्याने विचारलं. "सगळ्या दारांना नको. वरच्या दाराचं नंतर बघू. मधलं आणि टोकाचं करून टाक."

"वरचं नाही केलं तर खालच्याचा काय उपयोग?"

"बघू म्हणालो ना."

"बरं," गवंडी म्हणाला. "टोकापासून सुरू करतो."

दुसऱ्या दिवशी त्याने टोकाच्या दारात दगड बसवला. खाचा कोरताना छिन्नीचा आवाज कोबीच्या शेतात ऐकू येत होता. तिसऱ्या दिवशी सकाळी टोकाला पाणी आलं. पुढे फेस, वाळकी पानं आणि काटक्या, मागून गढूळ पाणी. सासूबाई बांधावर उभ्या राहून बघत होत्या. "आलं 'ते'च्या तोंडाला," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "कोबीच्या."

नवरा एका हाताने सरीची तोंडं उघडत होता आणि ती फावड्याने माती ओढत होती. दोघांची लय जमत नव्हती, पण पाणी पुढे सरकत होतं. पाचव्या सरीपर्यंत भरलं. मग सहाव्या.

मुलगी दगडापाशी पालथी पडली होती. नाक जवळजवळ पाण्याला लागलं होतं.

"आई, तीन खाचा आणि थोडंसं."

"चार नाही?"

"नाही. तीन आणि थोडंसं. मी दोनदा बघितलं." मग तिने मान वर केली. "ते चार कोण होते, कळलं?"

तिने फावडं मातीत रोवलं आणि त्याच्या दांड्यावर दोन्ही हात ठेवून पाठ सरळ केली. पाटाच्या काठाकाठाने नजर पोचेल तिथपर्यंत लोक आपापल्या दारापाशी वाकलेले होते. टोकाचे, मधले आणि दूरवर वरचे, मुंगीएवढे. शिट्टीवालाही तिथे कुठेतरी असेल, आणि कदाचित तो न्हावीही, त्याचीही दोन सरी भाजी होती.

"नाही कळलं," ती म्हणाली.

"मग?"

"मग काय. सगळ्यांशी नीट बोलायचं."

तिने फावडं उपटलं आणि सातव्या सरीचं तोंड उघडलं.